मधल्या बटणाचे दिवस

काल माउसचं चाक पुन्हा अडकलं. आमच्या घरामागे, दोन गल्ल्या सोडून, डाळमिल आहे. एरवीही ती घुमत असते, पण नवा हरभरा आला की ती दिवसभर दम खात नाही, आणि तिकडून वारा सुटला की हवेतून फिकट पिवळी भुकटी येते. टरफलांची. ती खिडकीच्या गजांवर बसते, दोरीवरच्या कपड्यांवर बसते, झाकून ठेवलेल्या माठाच्या झाकणीवर बसते. माझ्या टेबलावर आली की ती नेमकी माउसच्या चाकात शिरते. मग चाक दोन ओळी पुढे जातं, एक ओळ मागे येतं आणि शेवटी रुसून बसतं. परीक्षा जवळ आल्याचं लातुरात लोकांना वेळापत्रकावरून कळतं, मला चाकावरून कळतं.

खरं तर इथे न कळायला काही कारणच नाही. या दिवसांत गल्लीतून जाणारं प्रत्येक पोरगं स्वतःशी पुटपुटत चालतं. रसवंतीवर ग्लास हातात धरून कोणी सूत्रं घोकत असतं, कोणी केस कापून घेताना खुर्चीत डोळे मिटून संज्ञा आठवत असतं. मेसच्या डब्यांच्या पिशव्या हँडलला लटकवून गाड्या पळत असतात. कडुनिंबाला मोहोर आलेला असतो आणि त्याचा तो गोडसर-कडसर वास भर दुपारी वर्गाच्या खिडक्यांतून आत जातो, पण मान वर करून बघायला कोणाला सवड नसते. हरभरा आणि परीक्षा हे दोन्ही एकदमच पिकायला येतात, आणि मी त्या दोन्हींच्या मधोमध बसून चुका काढते.

चुका काढणं हा माझा धंदा आहे. मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या आणि गणिताच्या सराव प्रश्नपत्रिका मी शिकवणीच्या क्लासवाल्यांसाठी घरी बसून तयार करते. टायपिंग करायचं, आकृत्या बसवायच्या, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात जीव खाणारं काम, ते म्हणजे मुद्रितशोधन. ते कायम जोडीनं करायचं असतं. एकानं पडद्यावरचं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं हातातल्या मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचं. वाचणाऱ्यानं काहीच गाळायचं नाही. "कंसात, पूर्णांक, कंस पूर्ण, प्रश्नचिन्ह, पर्याय अ" असं सगळं म्हणायचं. बाहेरच्या माणसाला हे ऐकून वाटतं की घरात कसलं तरी पारायण चालू आहे.

काल हेअरपिनेनं चाकातली भुकटी टोकरून काढत होते, तेवढ्यात दोन वर्षांपूर्वीचा हाच मोसम असा काही डोळ्यांपुढे आला की हातातलं काम बाजूला राहिलं.

तेव्हाही चाक असंच अडकलं होतं. फुंकर मारून झाली, माउस उलटा करून टेबलावर आपटून झाला. शेवटी वैतागून मी चाकावर बोट दाबलं. नुसतं दाबलं, फिरवलं नाही. खट् आवाज झाला आणि पडद्यावर, ओळींच्या मधोमध, एक लहानसा गोल उमटला. त्यात वर एक आणि खाली एक असे दोन बारीक बाण. हे काय नवीन, म्हणून मी माउस जरा खाली ओढला, आणि पान चालायला लागलं.

मी हात काढून घेतला तरी ते चालत होतं. प्रश्न एकामागून एक वर सरकत होते, संथ, काहीच घडलं नाही अशा थाटात. मी आधी नेटची वायर उपटली. यंत्रात कोणीतरी घुसलं असेल तर वायर उपटावी, एवढंच मला ठाऊक होतं. पान थांबलं नाही. आकृत्या गेल्या, उत्तरसूची आली, फाइल संपली तेव्हाच ते उभं राहिलं, आणि गोल तसाच माझ्याकडे बघत राहिला. मी घाबरत घाबरत टिचकी मारली. गोल गेला. मग अर्थातच मी पुन्हा चाक दाबलं.

मला हा रोगच आहे. एखादी गोष्ट अशी का होते हे कळल्याशिवाय माझा घास उतरत नाही. इतकी वर्षं माउस हातात धरून बसले, पण त्याच्या चाकाखाली आणखी एक बटण आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कम्प्युटरच्या क्लासमध्ये डावं बटण शिकवलं, उजवं शिकवलं. डावं म्हणजे हुकूम, उजवं म्हणजे चौकशी. मधल्याचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी भुकटी साफ करून घ्यायला मी माउस दुकानात नेला, तेव्हा दुकानदाराला विचारलं, "हे मधलं कशासाठी असतं?"

"फिरवायला."

"दाबलं तर?"

"दाबायचं कशाला पण, म्याडम?" तो म्हणाला. त्याचंही खरं होतं. त्याच्या दुकानात ते दाबून बघण्याइतका रिकामा वेळ कोणाकडे असणार?

मी मात्र पुढचे कितीतरी दिवस प्रत्येक ठिकाणी ते दाबून बघितलं. टायपिंगच्या फाइलमध्ये पान चालायचं. हिशेबाच्या रकान्यांच्या शीटमध्येही चालायचं, आणि तिथे तर आडवंही जायचं, तिरपंही जायचं. ब्राउझरमध्ये मोकळ्या जागी दाबलं तर पान चालायचं, पण चुकून एखाद्या दुव्यावर दाबलं गेलं तर दुसरं पान उघडायचं. वरच्या पट्टीवर, पानाच्या नावावर दाबलं तर ते पान गुमान बंद व्हायचं. पहिल्यांदा मी असं एक अख्खं पान न वाचताच घालवलं. पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबून धरलं की पडद्यावर हाताचा पंजा यायचा आणि सगळं पान मुठीत धरल्यासारखं इकडेतिकडे ओढता यायचं. साध्या टिपणवहीच्या खिडकीत कितीही दाबा, ढिम्म काही व्हायचं नाही. आणि एका कॉलेजच्या लॅबमध्ये, जिथे यंत्रांची सिस्टिमच वेगळी होती, तिथे मी मोठ्या ऐटीनं चाक दाबलं, तर आधी कुठेतरी निवडून ठेवलेलं वाक्य भसकन नको तिथे येऊन चिकटलं.

हे बघून मला फार मजा वाटली. एकच बटण, आणि माहेरी एक वागणार, सासरी दुसरं, नणंदेच्या घरी तिसरंच. डाव्या बटणाला असलं स्वातंत्र्य नाही. त्याच्यावर सगळ्या जगाचा भार, त्याला सगळीकडे सारखंच वागावं लागतं. मधल्याकडून कोणाची काही अपेक्षाच नव्हती, म्हणून ज्यानं त्यानं त्याला आपल्या मनासारखं कामाला लावलं. कोणी कधी एकत्र बसून ठरवलं असेल असं वाटत नाही. मला अजूनही त्यामागचा नियम सापडलेला नाही, आणि सापडला नाही म्हणून मी थोडी खूशच आहे.

याच दिवसांत आई आणि अण्णा नांदेडहून आमच्याकडे राहायला आले, इथल्या डॉक्टरांना दाखवायला.

अण्णा म्हणजे माझे वडील. भोकरला गणिताचे मास्तर होते, निवृत्त झाल्यावर नांदेडला घर केलं. त्यांची ओळख सांगायची तर आवाजानंच सांगावी लागेल. भूमितीचं प्रमेय ते असं सांगायचे की शाळेबाहेर बैल घेऊन थांबलेल्या माणसालाही ते अर्धं पाठ व्हावं. नांदेडला आल्यावर रोज सकाळी ओट्यावर बसून ते मोठ्यानं पेपर वाचायचे. गल्लीतली चार टाळकी ऐकायला जमायची. त्यांतल्या दोघांच्या घरी स्वतःचा पेपर यायचा, तरी ती येऊन बसायची. "डोळ्यांनी वाचलेलं ध्यानात राहात न्हाई, गुरुजी वाचून राहिले की डोक्यात बसतंय," असं त्यातले निवृत्त कंपाउंडर काका म्हणायचे.

मग अण्णांना कंपवात सुरू झाला. आधी उजव्या हाताची बोटं, मग हात. पेपर धरला की तो सळसळायला लागायचा, आणि त्या सळसळीत वाचणं ऐकू येईना. पेपर टेबलावर पसरून बघितला, तर ओळीवर ठेवलेलं बोट ओळीवर राहीना. मोबाइल दिला, तर अंगठा थरथरून पान भलतीकडे उडायचं, अक्षरं एकदम टरबुजाएवढी व्हायची, आणि एकदा तर बातमी वाचता वाचता नायगावच्या मावसभावाला फोन लागला. इथवर ते हसण्यावारी नेत होते. पण पुढे पुढे आवाजही बारीक होत गेला. हा आजार आवाजातही उतरतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांना स्वतःला वाटायचं आपण नीट बोलतोय, आणि समोरचा माणूस पुढे वाकून म्हणायचा, "काय म्हणालात?" एकदा, दोनदा, दिवसातून पन्नासदा. मग त्यांनी बोलणंच कमी केलं. ओट्यावरचं वाचन तर केव्हाच बंद झालं होतं. ती चार टाळकी काही दिवस येऊन बसली, पावसापाण्याचं बोलली, आणि मग तीही यायची थांबली.

लातूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. रोज मोठ्यानं वाचा. आवाज वापरात राहिला तर टिकेल, नाहीतर तो आत आत जात राहील आणि मग बाहेर काढणं अवघड होईल. अण्णांनी मान डोलावली आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. आईनं पेपर पुढे केला तर म्हणाले, "लोकांसमोर थरथर कापत कशाला वाचू? तमाशा हाय का?" हे वाक्य आईला दोनदा विचारावं लागलं, आणि त्यामुळे ते आणखी चिडले.

तेव्हा मला खूप भीती वाटली होती. हात थरथरतो ते दिसतं, त्याला आपण औषध देतो, मालिश करतो. पण माणूस आपल्या डोळ्यांदेखत गप्प होत जातो त्याला काय करायचं? माझ्या लहानपणातलं निम्मं घर अण्णांच्या आवाजाचं होतं. ते घर मला ऐकू येईनासं होत होतं.

त्या वर्षी माझ्या जोडीला वाचायला बसणारी मैत्रीण तिच्या लेकाच्या परीक्षेत अडकली होती. प्रश्नपत्रिकांचा ढीग साचलेला, आणि मी एकटीच पडद्यावरून कागदावर आणि कागदावरून पडद्यावर मान हलवत बसले होते. अण्णा मागे खुर्चीत होते. बऱ्याच वेळानं ते काहीतरी म्हणाले. मी वळून कान पुढे केला.

"एकटीनं करून राहिलीस तर चुका राहतील," ते म्हणाले. "जोडीनं वाचायचं असतंय हे."

"जोडीला कोण आहे इथे?"

त्यांनी नुसती भुवई वर केली. शाळेत फळ्यावर चुकलेल्या पोराकडे ते असंच बघायचे.

मी त्यांची खुर्ची पडद्यासमोर ओढली. त्यांनी सवयीनं उजवा हात माउसवर ठेवला, आणि पडद्यावरचं पान खडबडीत रस्त्यावरच्या जीपसारखं वर-खाली उडायला लागलं. त्यांचा चेहरा पडला. ते हात काढून उठणार, एवढ्यात मला सुचलं. मी चाक दाबलं, गोल उमटला, माउस केसभर खाली ढकलला आणि म्हटलं, "अण्णा, आता हात मांडीवर ठेवा. माउसला हातच लावायचा नाही."

पान हलायला लागलं. सावकाश. मुंगी भिंतीवर चढावी इतकं सावकाश.

अण्णा बघत राहिले. वाचायचं विसरून ते बघतच राहिले. मग एकदम म्हणाले, "कोण चालवून राहिलंय?"

"कोणीच नाही. आपोआप."

"आपोआप काही होत नसतंय." मास्तर जागे झाले होते. "कशावर ठरतोय वेग?"

मी त्यांना दाखवलं. बाणाचं टोक गोलापासून जितकं लांब, तितकं पान जोरात. गोलाच्या वर नेलं तर पान उलटं जातं. मग काय, त्या दुपारी प्रश्नपत्रिका राहिली बाजूलाच. त्यांनी मला टोक थोडं थोडं खाली न्यायला लावलं आणि दर वेळी ओळी वर सरकताना ते मनात मोजत राहिले. "दुप्पट अंतराला दुप्पट वेग येतोय का बघ. न्हाई, जास्त येऊन राहिलाय. समप्रमाण न्हाई हे." आई चहा घेऊन आली तर तिलाही उभं करून दाखवलं. आई म्हणाली, "दोघं बाप-लेक बटणाशी खेळून राहिलात आणि मला वाटलं काम चाललंय." पण तीही चहा निवेपर्यंत उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही खरोखर वाचायला बसलो. दुपारचं औषध घेतल्यावर थोड्या वेळानं अण्णांच्या अंगात हुशारी येते, तो तास आम्ही धरला. बाहेर ऊन मी म्हणत असायचं, मिलची घरघर चालू असायची. अण्णांचे दोन्ही हात मांडीवर, थरथरायचे तसे थरथरत, पण त्यांच्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. ते वाचायचे. "प्रश्न. पुढीलपैकी कोणते विधान, अवतरणचिन्ह, सत्य, अवतरण पूर्ण, आहे, प्रश्नचिन्ह." आवाज बारीकच होता. मी माझी खुर्ची इतकी जवळ घेतली होती की त्यांच्या शर्टाचा साबणाचा वास यायचा.

आणि मला एक गोष्ट दिसली, ती मी अजून पुरती समजून घेतलेली नाही. कागदावरून वाचताना अण्णा मध्येच थांबायचे. एखाद्या शब्दापाशी अडकले की अडकलेच, पाय दारात अडकावा तसे. पण इथे पान थांबत नव्हतं. शब्द वर निघालेला असायचा, तो पडद्याबाहेर जायच्या आत म्हणायला हवा, आणि त्या ओढीनं त्यांची जीभ सुटायची. वाक्य संपेपर्यंत सुटलेली राहायची. मी वेग जरासा वाढवला तर तेही वाढवायचे, आणि घाईत माणूस जसा थोडा मोठ्यानं बोलतो तसे बोलायचे. डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले की या आजारात बाहेरून मिळालेली लय अशी उपयोगी पडते. मी मान हलवली. लय बाहेरून का लागते, आतली कुठे जाते, हे मात्र मी घरी येऊन बराच वेळ विचार करत बसले.

अण्णांचंही आपलं निराळं निरीक्षण होतं. एकदा वाचून झाल्यावर ते म्हणाले, "जन्मभर नजर चालली आणि कागद उभा राहिला. आता कागद चालतोय, म्हातारा एका जागी बसून राहिलाय. बरं हाय."

एके दिवशी मात्र घोटाळा झाला. वेगाचं एक उदाहरण होतं. अंतर किलोमीटरमध्ये, वेळ मिनिटांत, उत्तर मीटर-सेकंदांत. मी हातातल्या मूळ कागदावर बोट ठेवून ऐकत होते. अण्णांनी उदाहरण वाचलं, पर्याय वाचले आणि गप्प झाले. पान पुढे चाललं होतं. मी म्हटलं, दमले असतील. ते काही पुटपुटले, ते मिलच्या आवाजात बुडालं. पुन्हा पुटपुटले. मी कागदातून मान वर केली नाही. उदाहरण वर वर जाऊन पडद्याच्या कडेला लागलं होतं, आता ते दिसेनासं होणार होतं.

धप्प! अण्णांनी उजव्या हाताचा अख्खा पंजा माउसवर आदळला. चहाची बशी उडाली. पान जागच्या जागी थांबलं.

"थांब म्हणून राहिलोय कधीचा," ते म्हणाले. ओठ थरथरत होते, रागानं की आजारानं कोण जाणे. "ह्याला उत्तरच न्हाई. चारी पर्याय चूक हायत. पोरं परीक्षेत बसून रडतील."

मी उदाहरण करून बघितलं. चारी पर्याय चूक होते. मूळ कागदातच चूक होती, त्यामुळे जोडीनं कितीही वाचलं असतं तरी ती सापडली नसती. आमचं काम कागदासारखं छापणं, कागद बरोबर आहे की नाही हे बघणं नव्हे. मी क्लासच्या सरांना फोन लावला आणि फोन अण्णांच्या हातात दिला. ते घेईनात. मी स्पीकर चालू केला आणि मोबाइल टेबलावर ठेवला. अण्णांनी सरांना उदाहरण समजावून सांगितलं. सरांनी दोनदा "काय म्हणालात?" विचारलं. दोन्ही वेळा अण्णांनी ते पुन्हा सांगितलं, न चिडता, शब्दन् शब्द सुटा करून. फोन ठेवल्यावर ते घामेजले होते. मी पंखा वाढवला आणि उडालेली बशी उचलली.

त्या दिवसानंतर पान चालवणं मी अण्णांवरच सोपवलं. थांबवायला त्यांचा पंजा पुरेसा होता. चालू करणं अवघड होतं, कारण चाक न फिरवता दाबायचं तर बोट स्थिर हवं. त्यांनी त्यावर दोन दिवस घालवले. तर्जनीनं जमेना, मधल्या बोटानं जमेना. शेवटी डाव्या हाताच्या अंगठ्यानं जमलं. डावा हात अजून बराचसा शहाणा होता. गोल उमटला की डाव्याच हातानं माउस रतीभर खाली ढकलायचा आणि हात उचलून घ्यायचा. हे पहिल्यांदा साधलं तेव्हा त्यांनी आईला हाक मारली. ती स्वयंपाकघरात होती, तिला ऐकू गेली नाही. मग मी हाक मारली.

हा मोसम काही फार मोठा नसतो. परीक्षा सुरू होतात, गल्ल्यांतलं पुटपुटणं एकाएकी बंद पडतं, होस्टेलांच्या बाहेर गाद्या आणि बादल्या दिसायला लागतात. नांदेडच्या, नायगावच्या, देगलूरच्या गाड्या भरभरून जातात आणि लातूर एकदम रिकामं होतं. आई-अण्णाही गेले. जाताना मी माझा जुना कम्प्युटर त्यांच्यासोबत दिला, आणि माउस मात्र नवा घेऊन दिला, चाक घट्ट बघून. दुकानदारानं विचारलं, "घट्ट कशाला पाहिजे? सगळे मऊ मागून राहिलेत." मी म्हटलं, "दाबायला." त्यानं माझ्याकडे जरा काळजीनं बघितलं.

आजार बरा झाला असं मी म्हणणार नाही. तो बरा होणाऱ्यांतला नाही. गेल्या वर्षभरात अण्णांची चाल आणखी बारीक झाली, घास गिळायला वेळ लागतो, आणि काही दिवस असे येतात की फोनवर नुसता श्वास ऐकू येतो. असे दिवस आले की मी कामातून उठून खिडकीत जाते आणि उगाच मिलकडे बघत उभी राहते. आवाज टिकेल का, हा प्रश्न मी आता डॉक्टरांना विचारत नाही. रोज सकाळी औषध लागू पडल्यावर अण्णा कम्प्युटरपुढे बसतात, ब्राउझरमध्ये पेपर उघडतात आणि डाव्या अंगठ्यानं चाक दाबतात, एवढं आईकडून कळतं. किती वाचतात, कसं वाचतात, ते मी खोदून विचारलं नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती, असं म्हणा.

तर काल चाक साफ करून झालं आणि मी प्रश्नपत्रिका उघडली, एवढ्यात आईचा फोन आला. ती ओशाळलेली वाटत होती.

"तूच सांग बाई त्यास्नी," ती म्हणाली. "माझं ऐकूनच घेईनात. शेजारच्या घरात बारावीची पोरगी हाय. तिची आई येऊन गेली आत्ता. म्हणली, काकू, राग नका मानू, पर सकाळी काकांना जरा हळू वाचायला सांगा. पोरीला अभ्यास सुचंना झालाय."

मी उघडलेली प्रश्नपत्रिका तशीच सोडून उठले. 

"हळू?" मी विचारलं.

"हाव, हळू. पार तिच्या खोलीपर्यंत जाऊन राहिलाय आवाज. कंपाउंडर बी येऊन बसतेत आता, ते वर म्हणतात, गुरुजी, येऊ द्या, येऊ द्या. मला तर लाजच वाटली लई."

मी रोज परीक्षेच्या पोरांसाठी राबणारी बाई. या दिवसांत गल्लीत कोणी बँड लावला तर सगळ्यांत आधी मीच भांडायला जाते. म्हणून मी म्हटलं, "दे त्यांना फोन. सांगते."

फोन पलीकडे गेला. मागे वाचन चालूच होतं. आईनं मोबाइल त्यांच्या कानाशी धरला असावा.

"अण्णा," मी म्हटलं, "शेजारच्या पोरीची परीक्षा आहे म्हणे."

"माहीत हाय मला," अण्णा म्हणाले. "खिडकी लावून घे म्हणावं. एवढं पान होऊ दे, मग थांबतो. चालू पान मधी सोडता येत न्हाई."

आणि ते पुढे वाचायला लागले. फोन ठेवायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही, आईच्याही नाही. बाजारभाव चालले होते. सोयाबीन, तूर, हरभरा, करडई. किमान, कमाल, सरासरी. लातूर, उदगीर, नांदेड, भोकर. मी मोबाइल कानाला घट्ट धरून उभी राहिले आणि सगळे भाव शेवटपर्यंत ऐकले. मला त्यातलं काही विकायचं नव्हतं, काही घ्यायचंही नव्हतं.